माल मोकळा, माणूस अडलेला

धारवाडच्या सुभाष रोडवरील एका जुन्या कापडपेढीवर गेल्या पंधरवड्यात आम्ही घटकाभर टेकलो होतो. पेढीचे मालक कन्नडभाषक, सत्तरी ओलांडलेले. मराठी बोलतात ती कर्नाटकी हेलाची, पण कोठे न अडखळता. त्यांच्या फळीवर गुळेदगुड्डचे खण, इरकली लुगडी आणि इचलकरंजीहून आलेले तागे शेजारी शेजारी रचलेले होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, “संपादकसाहेब, आता हद्द राहिली कुठं? माल इचलकरंजीत चढतो आणि इथं सुभाष रोडवर उतरतो. मध्ये जकात नाही, कागद तपासणारा नाका नाही. मग तुम्ही मंडळींनी हद्दीचा धोशा अजून का लावलाय?”

त्यांनी हे आपुलकीने विचारले, म्हणून आम्हांला त्याचे काही वाटले नाही. पण हाच प्रश्न मुंबई-पुण्याचे काही विद्वान आम्हांला तुच्छतेने विचारतात आणि दिल्लीतले अधिकारी कंटाळून विचारतात. त्यांचे म्हणणे असे की, जग आता मुक्त व्यापाराचे झाले आहे. १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी भारताने व्यापार करार केला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी केला. देशांतर्गत पाहावे तर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, राज्याराज्यांच्या वेशीवरचे विक्रीकराचे नाके उठले, सारा देश एक बाजारपेठ झाला. अशा काळात आठशे पासष्ट गावांचे गाऱ्हाणे घेऊन बसणे म्हणजे आगगाडीच्या युगात बैलगाडीच्या चाकोरीवरून भांडणे होय! सीमा जर बाजाराने पुसली, तर सीमाप्रश्न उरतोच कोठे?

युक्तिवाद दिसायला गोंडस आहे. त्यात एकच खोट आहे, आणि ती मूळावरच आहे. सीमेवरच्या माणसाचा प्रश्न मिटला नसता, केवळ करारपत्राच्या जोरावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला व्यापार मोकळा राहिला असे उदाहरण या विद्वानांनी आम्हांला दाखवून द्यावे. आम्हांला दिसतात ती उदाहरणे सगळी उलटी आहेत.

दूरच्या देशाशी करार करणे सोपे असते. स्वित्झर्लंडच्या घड्याळाला कोणती भाषा बोलतोस असे आपण विचारत नाही. अवघड असतो तो शेजारी. दक्षिण आशियातल्या राष्ट्रांनी जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादेत मुक्त व्यापाराचा करार केला आणि १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. जकातीचे दर उतरले, वस्तूंच्या याद्या झाल्या, शिखर परिषदांत हस्तांदोलनाची छायाचित्रे निघाली. फळ काय? या प्रदेशातील देशांचा आपापसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या घरात घुटमळत राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवाम्यानंतर पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के जकात बसली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे फाटकच बंद झाले. मे २०२५ मध्ये बांगलादेशच्या तयार कपड्यांना खुष्कीच्या मार्गाने भारतात येण्यास मनाई झाली. ही पावले उचलण्यास कारणे होती, आणि पहलगामसारख्या कृत्यापुढे व्यापाराचे तुणतुणे वाजवीत बसावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. आमचा मुद्दा एवढाच की, करारपत्र जागच्या जागी असताना बाजार बंद झाला. तो जकातीच्या दराने बंद पडला नव्हता.

नेपाळचे उदाहरण तर आमच्या सीमाबांधवांनी नीट समजून घेण्याजोगे आहे. भारत आणि नेपाळ यांच्यात व्यापाराचा तह आहे; १९९६ सालच्या तहाने तर नेपाळात तयार झालेल्या मालाला भारताची बाजारपेठ बहुतांशी जकातीवाचून खुली करून दिली. दोन्ही देशांची माणसे पारपत्रावाचून ये-जा करतात. याहून मोकळी सीमा कोठे असेल? पण २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली आणि तराईतले मधेशी लोक पेटून उठले. कोण हे मधेशी? मैथिली, भोजपुरी, अवधी बोलणारे, सीमेला लागून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक. प्रांतांच्या रेषा आपल्याला न विचारता ओढल्या, आपली वस्ती तोडून वाटून टाकली, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. आंदोलनात चाळीसहून अधिक माणसे मेली. रक्सौल-वीरगंजच्या पुलावर ठाण मांडले गेले आणि पलीकडे मालमोटारींच्या रांगा लागल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपाने मोडलेल्या देशात पेट्रोल मिळेना, गॅस मिळेना, औषध मिळेना. नाकेबंदी दिल्लीने घातली असे काठमांडू म्हणे, आणि दिल्ली ते नाकारी. फेब्रुवारी २०१६ पर्यंत हे चालले. व्यापाराच्या तहात त्या पाच महिन्यांत स्वल्पविरामही बदलला नव्हता! तह जिवंत होता, आणि वीरगंजच्या रुग्णालयात औषध नव्हते.

श्रीमंतांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. तर मग अमेरिकेकडे पाहावे. कॅनडा आणि मेक्सिको या आपल्या दोन्ही शेजाऱ्यांशी अमेरिकेचा मुक्त व्यापाराचा करार १९९४ पासून चालत आलेला. २०२० साली तो नव्याने बांधून घेतलेला. मार्च २०२५ मध्ये त्याच अमेरिकेने दोघांवर पंचवीस टक्के जकात लादली. कारण काय सांगितले? सीमेवरून चोरटी येणारी माणसे आणि मादक द्रव्ये. मोटारीचे सुटे भाग किंवा टोमॅटो यांच्याविषयी तक्रार नव्हती. सीमेवरचा माणूस हेच निमित्त होते.

आता एक उदाहरण सुलटेही सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून आमचे म्हणणे पुरते होत नाही. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवर सारलँड नावाचा कोळशाच्या खाणींचा छोटासा मुलूख आहे. लोक जर्मन बोलणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, फ्रान्सने तो आपल्या आर्थिक संघात ओढून घेतला. चलन फ्रान्सचे, जकातीची हद्द फ्रान्सची, कोळसा फ्रान्सच्या पोलादाला. फ्रान्स आणि जर्मनी १९५१ साली कोळसा-पोलादाच्या संघात एकत्र आले होते खरे, पण हे शल्य दोघांमध्ये तसेच सलत राहिले. तेव्हा तोडगा निघाला की सारलँडला ‘युरोपीय’ दर्जा द्यावा. बाजारपेठ फ्रान्सची राहील, भाकरीला तोटा पडणार नाही, मग तुम्ही कोणत्या देशाचे हा प्रश्न तरी कशाला हवा? आमच्या विद्वानांचाच युक्तिवाद, शब्दाला शब्द! पण फ्रान्सने एक गोष्ट केली, जी आमच्याकडे कोणी केली नाही. त्याने लोकांना विचारले. २३ ऑक्टोबर १९५५ रोजी मतदान झाले आणि दर तीन मतदारांतील दोघांनी तो तोडगा झुगारून दिला. फ्रान्सने रागावून पोलीस धाडले नाहीत. २७ ऑक्टोबर १९५६ रोजी तह झाला, १ जानेवारी १९५७ रोजी सारलँड जर्मनीत गेला, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २५ मार्च १९५७ रोजी, त्याच फ्रान्सने आणि त्याच जर्मनीने रोममध्ये सामायिक बाजारपेठेच्या करारावर सह्या केल्या. तो बाजार आजही उभा आहे.

तारखा वाचकांनी पुन्हा एकदा पाहाव्यात. सारलँडच्या तहावर सही झाली २७ ऑक्टोबर १९५६ रोजी. त्यानंतर पाचव्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार यांना मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्यात टाकण्यात आले. येथे मतपेटी आली नाही. त्या वर्षीच्या १७ जानेवारीला आमच्या रस्त्यांवर गोळीबार मात्र झालेला होता.

कोणी आक्षेप घेईल की, नेपाळ-भारत ही दोन राष्ट्रे, फ्रान्स-जर्मनी ही दोन राष्ट्रे. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही एकाच देशाची दोन राज्ये, त्यांना हा न्याय कसा लावता? आक्षेप रास्त आहे. कर्नाटकाला परके राष्ट्र मानणे हे आम्ही पाप समजतो. पण मग एका देशात तरी अधिक मोकळीक नको काय? राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने भारताच्या सबंध भूमीवर व्यापार, वाणिज्य आणि परस्परांतील संचार-व्यवहार मुक्त ठेवला आहे. घटनाकारांनी व्यापारापाशी थांबून लेखणी खाली ठेवली नाही, माणसामाणसांतला व्यवहारही त्यांनी त्याच वाक्यात घातला. दिल्लीने आणि बंगळूरने मात्र त्यातला अर्धाच शब्द वाचलेला दिसतो.

सुभाष रोडवर उतरणारा तो तागा ज्या वाटेने येतो तीच वाट पाहा. इचलकरंजीहून कागल, कागलहून कोगनोळी, तेथून निपाणी, बेळगाव, हिरेबागेवाडी, कित्तूर आणि धारवाड. कोगनोळीला मालमोटार थांबत नाही; १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला संगणकावर काढलेले एक बिल पुरते. पण १९ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावातल्या समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारण्यात आली, आणि त्यासाठी कोल्हापुराकडून निघालेली नेतेमंडळी त्याच कोगनोळीवर पोलिसांनी अडवली. तागा पुढे गेला, त्याच्यामागून आलेला माणूस मागे फिरला. त्याच महिन्यात, ६ डिसेंबर रोजी, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगड पडले, त्यांच्या पाट्यांना काळे फासले गेले. म्हणजे माणूस अडवण्याची सवय एकदा लागली की मालही फार काळ सुटा राहत नाही. आम्ही त्या वृद्ध मालकांना याची आठवण दिली. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “खरं आहे. त्या आठवड्यात माझे गठ्ठे कागललाच पडून होते. ड्रायव्हर म्हणाला, शेट, काचेचे पैसे तुम्ही देणार काय?”

ज्या सरकारांना मुक्त बाजाराचा एवढा अभिमान, त्यांनी या ड्रायव्हरला उत्तर द्यावे.

परंतु दगड एकाच बाजूने पडतात असे म्हणण्याइतके आम्ही अप्रामाणिक नाही. त्याच ६ डिसेंबरला पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बेळगावजवळ तिकीट आणि भाषा यांच्या वादातून कर्नाटकाच्या एका बसवाहकाला मारहाण झाली. मग चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसच्या चालकाला काळे फासले गेले, महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या, आणि २२ मार्चला कर्नाटक बंदची हाक झाली. यात मार खाल्ला तो कोणी? एक वाहक आणि एक चालक. दोघेही महिन्याच्या पगारावर घर चालवणारे. त्या वाहकाला मराठी येत नव्हते हा त्याचा गुन्हा नव्हता, जसे कन्नड न येणे हा आमच्या खेड्यातल्या म्हातारीचा गुन्हा नाही. ज्या हातांनी त्याला मारले ते हात सीमालढ्याचे नव्हेत. १७ जानेवारीच्या हुतात्म्यांनी आणि १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध प्राण देणाऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्यांनी तिकीट फाडणाऱ्यावर हात उगारला नव्हता. वायव्य कर्नाटकाच्या परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय हुबळीत आहे. त्यांच्या गाड्या आमच्या गावात येतात आणि आमची मुले त्यांत बसून धारवाडला शिकायला जातात. ती गाडी बंद पडली तर नुकसान बंगळूरचे होत नाही.

धारवाडचे नाव निघालेच आहे तर आणखी एक गोष्ट आम्ही उघडपणे बोलतो, मग काही मित्र रुष्ट झाले तरी चालेल. धारवाड आम्ही मागत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी एकमताने ठराव केला, त्यातल्या आठशे पासष्ट गावांत धारवाड नाही, आणि असूही नये. धारवाड कन्नड आहे. एकोणिसाव्या शतकात याच गावात सरकारी शाळांतून मराठीचा वरचष्मा होता, कचेरीत मराठी चालत होती, आणि कन्नड मुलाला परक्या भाषेत धडे गिरवावे लागत होते. त्याविरुद्ध डेप्युटी चन्नबसप्पांसारखी माणसे झटली. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी येथेच कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला तो याच वेदनेतून. तेव्हा त्यांच्या बाजूला न्याय होता आणि आमच्या पूर्वजांच्या बाजूला सत्ता होती. आज बेळगाव-खानापुरातल्या मराठी मुलाच्या बाजूने आम्ही जे बोलतो, ते नेमके तेच आहे जे विद्यावर्धक संघाची मंडळी तेव्हा बोलत होती. कर्नाटकाला आमची भाषा कळत नसेल तर त्याने स्वतःचाच इतिहास काढून वाचावा. फार लांब जायला नको. याच सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमालेचे जुने बिऱ्हाड आहे, कन्नड ग्रंथांना तोटा नाही.

आणि याच धारवाडात द. रा. बेंद्रे जन्मले. घरची भाषा मराठी. कवी झाले कन्नडचे, आणि असे की १९७३ चे ज्ञानपीठ कन्नडला मिळाले ते त्यांच्या कवितेमुळे. कन्नडसक्तीचा फतवा काढून असा एक तरी बेंद्रे घडवता येतो काय, याचा विचार बंगळूरने करावा.

उलट, जेथे दोन्ही सरकारांना गरज पडली तेथे ती मुकाट्याने एका बाकावर बसतात हेही आम्ही पाहिले आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते दोन्ही राज्यांना मिळून: महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि आमच्या या लेखातले धारवाडसुद्धा. चप्पल बांधणारा अथणीचा, नाव कोल्हापूरचे, आणि त्यात कोणालाच विपरीत वाटले नाही. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच पादत्राणे नाव न घेता मिरवली, तेव्हा गहजब झाला. डिसेंबरात दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे त्या कंपनीशी एकत्र करार करून मोकळी झाली. छान झाले, कारागिराच्या पदरात चार पैसे पडतील तर आम्हांला आनंदच आहे. पण एका चपलेसाठी मुंबई आणि बंगळूर सहा महिन्यांत एका कागदावर सही करतात, आणि ती चपल पायात घालून चालणाऱ्या माणसासाठी सत्तर वर्षांत करीत नाहीत, हे दृश्य पाहून हसावे की रडावे?

१४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावून प्रत्येकी तीन अशा सहा मंत्र्यांची समिती नेमण्याचे ठरवले. या समितीने काय केले ते सीमाभागातल्या जनतेने विचारावे, दर महिन्याला विचारावे. आमच्या मते तिच्यापुढे तूर्त तीन कामे आहेत आणि त्यांपैकी एकासाठीही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. कोगनोळीवर माणूस अडवण्याचे हुकूम बंद व्हावेत. बस आणि मालमोटार यांच्यावर हात टाकणाऱ्याला, तो कोणत्याही बाजूचा असो, दोन्ही राज्यांच्या पोलिसांनी सारखाच धडा शिकवावा. आणि घटनेच्या ३५०-अ कलमाने अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची जी जबाबदारी राज्यावर टाकली आहे, ती मराठी शाळेला शिक्षक नेमून पार पाडावी. शाळा कागदावर जिवंत ठेवून आतून रिकामी करू नये. एवढे झाले तरी सीमेवरचा बाजार आज आहे त्याहून निर्धास्त होईल. सीमा कोठे असावी याचा निर्णय त्यानंतरही उरतोच, आणि तो खेडे हा घटक धरून, भाषा, सलगता आणि लोकेच्छा पाहूनच लागला पाहिजे. आंध्र आणि मद्रास यांच्यात पाटसकरांनी तो तसाच लावला होता.

दिल्लीत उद्या आणखी एखाद्या देशाशी मुक्त व्यापाराचा करार होईल, पेढे वाटले जातील. आमचा त्याला विरोध नाही. शेजारी देशांशी करार करण्याचे बेत पुन्हा सुरू झाले तर तेही व्हावेत. नेपाळशी, श्रीलंकेशी, बांगलादेशाशी व्यापार वाढला तर सामान्य माणसाचे भलेच होईल. पण त्या करारांच्या मसुद्यात जकातीची परिशिष्टे लिहिण्याआधी, सीमेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले आहे काय, हे पाहणारा एक तरी अधिकारी दिल्लीत असावा. त्याला शिक्षणासाठी परदेशी पाठवण्याची आवश्यकता नाही. मालमोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी बसवून कागल ते धारवाड एकदा न्यावे, म्हणजे पुरे.

निघताना पेढीच्या मालकांनी चहा सांगितला आणि विचारले, “तुमचा तो दिल्लीतला दावा कुठवर आला?” आम्ही सांगितले, महाराष्ट्राने २००४ साली दाखल केला, नंबर चार. वीस वर्षे होऊन गेली. निकाल अजून नाही. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि नोकराला हाक मारून इचलकरंजीचा गठ्ठा आत घ्यायला सांगितले, कारण बाहेर पाऊस धरला होता.